जुन्या पिकअपला नवे इंजिन : आधी ब्रेक, मग कागद, शेवटी इंजिन

मोटार दुरुस्ती आणि मोटारींच्या जुन्या सुट्या भागांची खरेदी-विक्री हा आपल्या समाजातील हजारो घरांची चूल पेटवणारा धंदा आहे. मुंबईतला कुर्ल्याचा भंगार बाजार असो की कोकणात हमरस्त्याला लागून उभे असलेले पत्र्याचे गॅरेज असो, उस्ताद आणि शागीर्द ही जोडी तिथे हमखास भेटते. या धंद्याची एक मोठी पेठ समुद्रापलीकडेही आहे. शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या सुट्या भागांचा जो बाजार भरतो, तो आखातात काम केलेल्या कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक आहे. रत्नागिरी आणि रायगडचे कितीतरी तरुण आखातात गेले आणि तिथल्या गॅरेजांतून हात तयार करून परतले. त्या हुन्नराच्या एका शाखेविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ती शाखा म्हणजे जुन्या, नावाजलेल्या पिकअप गाडीला तिच्याहून नव्या गाडीचे अवयव बसवून ती पुन्हा रस्त्यावर आणणे.

हे काम दिसायला जादूचे आणि करायला हिशेबाचे आहे. यात पैसा आहे, नाव आहे आणि तेवढाच धोकाही आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाने सुरू होते. गिऱ्हाईक इंजिन मागतो, मिस्त्री इंजिन शोधतो, ब्रेकचा विचार शेवटी होतो आणि कागदाचा तर होतच नाही. हा क्रम बदलला नाही, तर हा धंदा आपल्या हातून जाईल.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नेमके उदाहरण घेऊ. टोयोटाची लँडक्रूझर ४० सिरीज १९६० पासून १९८४ पर्यंत बनली. तिच्यातली लांब चेसिसची पिकअप म्हणजे एफजे-४५. वाळवंटात, डोंगरात, शेतावर ही गाडी चालली आणि आज हौशी लोक ती शोधत फिरतात. सौदीत लँडक्रूझर पिकअपला लोक ‘शास’ म्हणतात. या एफजे-४५ ला पेट्रोलचे सहा सिलिंडरचे कार्ब्युरेटरवाले इंजिन असे. आधी ३.९ लिटरचे ‘एफ’ आणि १९७५ पासून ४.२ लिटरचे ‘२एफ’. ताकद साधारण १३५ घोड्यांची. इंजिन दणकट, पण तहान मोठी आणि हमरस्त्यावर दम लवकर संपणारा.

आता तिच्याच घराण्यातली धाकटी गाडी पाहा. लँडक्रूझर ८० सिरीज १९९० मध्ये बाजारात आली आणि १९९२ पासून तिला ४.५ लिटरचे ‘१एफझेड-एफई’ हे इंजिन मिळाले. सिलिंडर तेच सहा, एका रांगेत. पण वर दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन. ताकद दोनशे घोड्यांच्या वर. अपघातात सापडलेली किंवा बॉडी गंजलेली ८० सिरीज तोडीला आली, की तिचे इंजिन जुन्या पिकअपच्या मालकाच्या डोळ्यांत भरते. अशा गाडीला बाजारात डोनर म्हणतात. मूत्रपिंड देणाऱ्या माणसाला लावतात तोच शब्द मिस्त्री लोकांनी गाडीला लावला आहे आणि तो अगदी योग्य आहे. कारण इथेही रक्तगट जुळावा लागतो.

रक्तगट जुळणे म्हणजे काय? इंजिन बॉनेटखाली मावले की काम झाले, असे शिकाऊ पोराला वाटते. मावणे हा सर्वांत सोपा भाग आहे. इंजिनाचे माउंटिंग नव्या जागी बसवावे लागते. तेलाचा सम्प पुढच्या एक्सलला लागत नाही ना, हे पाटे पूर्ण दबलेल्या अवस्थेत पाहावे लागते. गिअरबॉक्स जुना ठेवायचा तर बेलहाउसिंग आणि क्लचचा मेळ घालावा लागतो. नव्या इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस घेतली तर गिअरचा दांडा दुसऱ्याच ठिकाणी वर येतो, क्रॉस मेंबर सरकवावा लागतो आणि पुढचे-मागचे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाने करून बॅलन्स करावे लागतात. शिवाय अनेक ८० सिरीज गाड्या कायम चारही चाकांना ओढ देणाऱ्या, मध्ये डिफरन्शिअल असलेल्या आहेत. जुनी पिकअप तशी नाही. म्हणून जाणते मिस्त्री सांगतात, की नव्या ७० सिरीजच्या पिकअपमधून तेच इंजिन मिळाले तर ते अधिक जवळचे नाते.

त्यानंतर येते पेट्रोलची लाइन. कार्ब्युरेटरला पेट्रोल हलक्या दाबाने लागते. तीन ते पाच पौंड पुरे होतात. इंजेक्शनला साधारण चाळीस पौंडांचा दाब हवा. म्हणजे पंप नवा, फिल्टर नवा, टाकीकडे परत जाणारी नळी नवी आणि प्रत्येक रबरी नळी त्या दाबाला टिकणारी. जुन्या नळीवर क्लिप आवळून काम भागवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाच्या पायाखाली आग ठेवतो, असेच म्हटले पाहिजे. रेडिएटरही मोठा हवा आणि पंख्याभोवतीचे आवरणही हवे. नाही तर पहिल्याच घाटात काटा लाल रेषेवर जातो.

आणि सर्वांत अवघड म्हणजे वायरिंग. जुनी पिकअप दहा-बारा तारांवर चालते. इंजेक्शनच्या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो. त्या कॉम्प्युटरला हवेचे, उष्णतेचे, थ्रॉटलचे, ऑक्सिजनचे असे निरनिराळे सेन्सर लागतात. डोनर गाडीतून इंजिन काढताना घाईने कापलेली एक तार पुढे आठवडाभर रडवते. म्हणून आमची पहिली शिफारस अशी, की इंजिन सुटे घेऊ नका, शक्य असेल तर पूर्ण डोनर गाडी घ्या. ते जमत नसेल तर निदान ‘हाफ कट’ घ्या. वायरिंग, कॉम्प्युटर, पेडल, ब्रॅकेट, नळ्या, अगदी नटबोल्टही एकाच गाडीचे असावेत. सुटे इंजिन स्वस्त दिसते; मग उरलेल्या पन्नास वस्तूंसाठी पन्नास खेपा होतात आणि नफा टॅक्सीच्या भाड्यात जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गाडीच्या अंगातला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेले गणित गॅरेजात विसरून चालत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी पिकअप जर नव्या इंजिनामुळे १२० ने पळू लागली, तर वेग दीडपट झाला. पण ती थांबवण्यासाठी ब्रेकला जी शक्ती गिळावी लागते, ती सव्वादोन पट झाली. आणि ती गिळणार कोण? जुन्या पिकअपचे ड्रम ब्रेक! घाट उतरताना हे ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते आणि पेडल पाटापर्यंत खाली जाते. फार जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. अशा गाडीत दोनशे घोडे जुंपणे याला हुन्नर म्हणावे काय?

याच घराण्यातली ६० सिरीज १९८० ते १९९० या काळात बनली. तिला पुढे डिस्क ब्रेक आहेत, बूस्टर आहे आणि पाट्यांचे सस्पेन्शनही जुन्या पिकअपसारखेच आहे. म्हणून ब्रेकसाठी आणि पॉवर स्टिअरिंगसाठी ती चांगली डोनर ठरते. मात्र पुढे डिस्क बसवून मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवला, तर लाइनमध्ये दाब अडकून राहतो, पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. मागच्या चाकांचा दाबही जुळवावा लागतो. पिकअपची मागची बाजू रिकामी असताना हलकी असते. जोरात ब्रेक मारला की मागची चाके आधी अडकतात आणि गाडी फिरते. हे सारे बसवल्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीने, मोकळ्या जागेत, कमी वेगापासून सुरुवात करून चाचणी घेतली पाहिजे. ही चाचणी गिऱ्हाइकाने घ्यायची नसते, मिस्त्रीने घ्यायची असते.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पाटे, नंतर इंजिन. जुन्या इंजिनावर नवा ब्रेक बसवलेली गाडी कुणाचा जीव घेत नाही. नव्या इंजिनावर जुना ब्रेक असलेली गाडी कुणाचा जीव घेईल, याचा नेम नाही. गिऱ्हाईक म्हणेल, “ब्रेकचे पुढे पाहू, आधी इंजिन टाका.” त्याला नम्रपणे नकार द्यावा. नकार देणारा उस्ताद चार दिवस तोट्यात राहतो, पण त्याचे नाव वर्षानुवर्षे टिकते.

आता दुसरा मुद्दा कागदाचा. आखातात हे काम शिकून आलेला तरुण गावी गॅरेज टाकतो आणि समजतो, की तिथे केले ते इथेही करता येईल. तिथेही इंजिन बदलायला वाहतूक खात्याची परवानगी लागतेच. पण आपल्याकडचा कायदा आणखी घट्ट आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगले मिस्त्री अडचणीत येतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२-अ लागू झाले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत.

याचा अर्थ सर्व दारे बंद आहेत असा नाही. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवण्याची वाट कायद्यात आहे. बदल केल्यावर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येते. ते मान्य केंद्रातून बसवून नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. जुनी गाडी मूळ स्थितीला आणणे, तिचे ब्रेक आणि वायरिंग कंपनीच्या तपशिलाप्रमाणे नवे करणे, यालाही अटकाव नाही. पण दुसऱ्याच प्रकारचे इंजिन, दुसरी चेसिस किंवा वाढवलेली लांबी या गोष्टी नोंदणी कार्यालयात आधी विचारल्याशिवाय करू नयेत. विमा कंपनीलाही कळवावे. अपघात झाल्यावर सर्व्हेअर बॉनेट उघडतो, इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पाहतो आणि तिथेच दाव्याचा तंटा सुरू होतो. त्या वेळी गिऱ्हाईक मिस्त्रीकडेच बोट दाखवतो.

आणखी एक गोष्ट हौशी मालकांनी ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरली जाणारी, मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात बसतात. म्हणजे ज्या गाडीला हा मान मिळू शकतो, तिची चेसिस कापून तिच्यात नवे इंजिन टाकले, तर तो मान कायमचा गेला. म्हणून मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रॅकेट भंगारात विकू नयेत. तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. शक्य तिथे वेल्डिंगऐवजी बोल्टने काम करावे. जे बोल्टने बसवले ते काढता येते. जे कापले ते परत येत नाही.

तिसरा मुद्दा भंगार व्यापाऱ्यांचा. डोनर गाडी कुठून आली, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची पद्धत आणली. गाडी तिथे जमा केली की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते. मोठे भांडवलदार या धंद्यात उतरले आहेत. आपले कुर्ल्याचे आणि गावोगावचे कबाडी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले. कुठला भाग कोणत्या गाडीला चालतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. ही विद्या कोणत्याही यंत्रात मिळत नाही. पण त्यांच्याकडे बिल नाही, चेसिस नंबरची वही नाही आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागदही नाही. मग चोरीच्या गाडीचा एक भाग दुकानात सापडतो आणि बदनामी साऱ्या बाजाराच्या माथी येते. दहा इमानदार दुकानदार एकाच्या पापात भरडले जातात.

उपाय अवघड नाही. प्रत्येक गाडी घेताना विकणाऱ्याची ओळख, नोंदणी पुस्तक, चेसिस आणि इंजिन नंबर वहीत लिहावा. विकताना पक्के बिल द्यावे आणि त्यावर भाग कोणत्या गाडीचा हे नमूद करावे. चार-सहा दुकानदारांनी मिळून भागीदारीत किंवा सहकारी तत्त्वावर नोंदणीकृत केंद्र काढता येईल का, याचाही विचार व्हावा. एकट्याला जे झेपत नाही ते बिरादरीला झेपते. आणि मालातला ऐब सांगून विकावा. सिलिंडर हेड एकदा तापून वाकलेले आहे हे ठाऊक असताना ‘एक नंबर इंजिन आहे’ म्हणणे हा व्यापार नव्हे. ऐब सांगून विकण्याची शिस्त आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

चौथा मुद्दा हिशेबाचा. असे काम अंगावर घेताना उस्ताद तोंडी आकडा सांगतो आणि पुढे प्रत्येक महिन्याला तो आकडा वाढतो. गिऱ्हाईक चिडतो, पैसे थांबवतो आणि अर्धवट पिकअप गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. जागा अडते ती वेगळीच. म्हणून काम टप्प्यांत लिहून घ्यावे : पहिला टप्पा तपासणी आणि परवानगी, दुसरा ब्रेक व स्टिअरिंग, तिसरा इंजिन आणि गिअरबॉक्स, चौथा वायरिंग, पाचवा चाचणी. एका टप्प्याचे पैसे मिळाल्याशिवाय दुसरा सुरू करू नये. माप चुकले तर शाफ्ट दुसऱ्यांदा करावा लागतो. अशा खर्चासाठी अंदाजात जागा ठेवावी आणि ती गिऱ्हाइकाला आधीच दाखवावी.

आमच्या या मतावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. काही रसिक म्हणतील, जुनी गाडी जुनीच शोभते, तिला हात लावू नका. त्यांना आमचे उत्तर असे, की दुर्मीळ आणि शाबूत गाडीबाबत त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण जिचे इंजिन फुटले आहे, मूळ भाग मिळत नाहीत आणि मालकाला ती चालवायची आहे, ती कोपऱ्यात कुजण्यापेक्षा रस्त्यावर आलेली बरी. मिस्त्री बांधव म्हणतील, कायद्याने सगळेच अडवले तर आम्ही खायचे काय? हा प्रश्न खरा आहे. दहा वर्षे परदेशात घालवून मिळवलेला हुन्नर मायदेशी गुन्हा ठरावा, हे कुणाला सहन होईल?

परंतु त्याचे उत्तर चोरवाट नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीतच केंद्र सरकारला असा अधिकार दिला आहे, की वाहनांतील बदल आणि रेट्रोफिटिंग यांचे निकष, अटी आणि मंजुरीची पद्धत ते ठरवू शकते. दार कायद्यातच ठेवलेले आहे. ते ठोठावायचे कुणी? गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन मागणी करावी, की ज्याचे ब्रेक, धूर आणि वेल्डिंग मान्यताप्राप्त केंद्रात तपासून उत्तीर्ण झाले आहे, अशा बदलाला रीतसर मंजुरी मिळावी. त्यासाठी फी घ्यावी आणि मिस्त्रीची परीक्षाही घ्यावी. पुण्यात एआरएआयसारखी वाहन तपासणी संस्था आपल्याच राज्यात आहे. ही मागणी करण्याची नैतिक ताकद त्यालाच असते, ज्याचे स्वतःचे काम चोख आहे. ड्रम ब्रेकवर दोनशे घोडे जुंपणाऱ्याचे कोण ऐकणार?

शेवटी पालकांना एक विनंती. गॅरेजात जाणारा मुलगा शाळेत नापास झाला म्हणून तिथे गेला, ही समजूत आता सोडून द्यावी. कॉम्प्युटरच्या इंजिनाने हातोडी-पान्याचा जमाना मागे टाकला आहे. त्याला आयटीआयमध्ये घाला. वायरिंगचा नकाशा वाचायला, मीटर लावायला, मोजमाप कागदावर उतरवायला शिकवा. उस्तादांनीही जे हाताला येते ते शागिर्दाला तोंडाने सांगावे आणि वहीत लिहून द्यावे. आपल्या बापजाद्यांनी नुसत्या कानाने इंजिनाचा आजार ओळखला. त्या कानाला आता कागदाची आणि शिक्षणाची जोड मिळाली, तर जुन्या पिकअपच नव्हे, हा जुना धंदाही पुन्हा रस्त्यावर येईल आणि येणाऱ्या पिढीला ताठ मानेने करता येईल.